वरच्या अंगाचं दार

९ एप्रिल

आज नगरपालिकेच्या पायऱ्यांवर जे घडलं ते मी माझ्या कचेरीच्या खिडकीतून पाहिलं. पाहिलं तेवढंच लिहिते.

रेडिओवरची झूरा आली होती. गावात तिचा आवाज ओळखत नाही असं कुणी नसेल. सकाळचं हवामान, घाटातला रस्ता उघडा की बंद, कुणाची घोडी हरवली, कुणाकडे मयताचं जेवण आहे, हे सगळं तीच सांगते. ती चाकांच्या खुर्चीत बसते हे मात्र मला आज कळलं. सोबत मेदेर होता, मधाचा धंदा करतो तो. अंगाने थोराड, बोलायला कमी. दोघांना लग्नाची नोंदणी करायची आहे.

खुर्ची पायऱ्यांशी पोचली न पोचली तोच आमचा पहारेकरी, ड्रायव्हर आणि लेखा विभागातले दोघं धावत गेले आणि त्यांनी ती उचलली. तिला काही विचारल्याचं मला दिसलं नाही. जोतं माझ्या खांद्याइतकं उंच आहे आणि पायऱ्या उभ्या आहेत. मध्यावर खुर्ची मागे कलली, तिची शाल घसरली. एका हाताने तिने खुर्ची धरली होती, दुसऱ्याने शाल धरावी की झगा, हे तिचं ठरत नव्हतं. वर ठेवल्यावर चौघांनी हात झटकले, सामना जिंकल्यासारखे.

मी दालनात गेले तेव्हा शार्शेन बाइके स्वतः तिथे आले होते. ते उपनगराध्यक्ष, माझे वरिष्ठ; थोरल्या भावाला म्हणतात तसं सगळेच त्यांना बाइके म्हणतात. "बघ झूरा! आपल्या गावात तुला पायरीवर अडकू देणार नाही कुणी."

"बाइके," ती म्हणाली, "कोक-बोरूच्या खेळात घोडेस्वार बोकडाला असाच ओढतात. पण त्याला निदान आधी मारतात."

दोघंतिघं हसले. बाइके हसले नाहीत.

मग हवामान सांगते त्याच आवाजात तिने सांगितलं की लग्न चौदा जूनला, याच दालनात, आणि त्या दिवशी ती स्वतःच्या चाकांवर दारातून आत येणार. तिला कुणी उचलायचं नाही.

यानंतर तिला उचलूनच खाली नेलं. दुसरा मार्गच नव्हता. उतरताना तिने डोळे मिटून घेतले होते.

आईला हे सांगितलं. ती पीठ मळत होती. "त्या दालनात बसायला बाकं आहेत का गं?" एवढंच तिने विचारलं. तिचा या प्रकरणाशी संबंध नाही. तिचे सगळे कागद मीच नेते-आणते; तिला सरकारी कचेऱ्या आवडत नाहीत.

११ एप्रिल

झूराची लेखी तक्रार आली. कायद्याचं कलम अचूक आहे; मी तपासलं.

बाइकेंनी बोलावलं. "बुरुल, पोरी, तू राजधानीत शिकून आलीस. एक ओळ लिहून दे. इमारत जुनी, रॅम्प तांत्रिकदृष्ट्या शक्य नाही. खाली सही कर."

"मोजून सांगते," मी म्हटलं.

"मोजायचं काय त्यात? अगं, म्हातारा माणूस घोड्यावरून उतरतो तेव्हा आपण काखेत हात देऊन उतरवतो की नाही? मान आहे तो. आता सिमेंटचा उतार बांधला तर बाहेरचा माणूस काय म्हणेल? या गावातली तरणी पोरं मेली की काय, म्हणेल!"

मी तक्रारीचा कागद घेऊन बाहेर आले. मत विचारलेलं नव्हतं.

१५ एप्रिल

मोजलं. एकास बारा उतार धरला तर दर्शनी बाजूचा रॅम्प फुटपाथ ओलांडून रस्त्यात जातो. वळवून घेतला तरी पाव विकणाऱ्या बायकांच्या टपऱ्या हटवाव्या लागतील, आणि वळणावर सपाट जागा उरत नाही. पुढून शक्य नाही, हे खरं आहे.

बाइकेंना सांगितलं तर ते खूश झाले. "मग लिही तसं."

"पुढून शक्य नाही, एवढंच लिहू शकते. इमारतीला चार बाजू आहेत."

"बापावर गेलीस," ते म्हणाले. वडिलांना ते ओळखत असत.

१८ एप्रिल

बाइकेंनी मला न विचारता पायऱ्यांवर दोन लोखंडी पन्हळी बसवून घेतल्या. पायऱ्यांइतक्याच उभ्या. "झाला की नाही रॅम्प? फोटो काढून वर पाठवून देऊ."

मी भांडाराची ढकलगाडी मागवली, तिच्यावर सिमेंटची पोती चढवली. वजन साधारण माणूस आणि खुर्चीइतकं. पन्हळींच्या वरच्या टोकाला नेऊन सोडून दिली. गाडी सुटली, पायऱ्या संपल्यावर थांबली नाही, रस्ता ओलांडून पलीकडच्या चहाच्या दुकानाच्या बाकावर आदळली. बाक रिकामं होतं. पोतं फुटून समोवार पांढरा झाला.

चहावाला बाहेर येऊन ओरडला, "कोण बसलं होतं यात?"

"कुणी नाही," मी म्हटलं. "मुद्दा तोच आहे."

"पोत्याला हात नसतात," बाइके म्हणाले. "झूराला आहेत. ती ब्रेक लावेल."

"या उतारावर ब्रेक लावला तर खुर्ची उलटेल, बाइके. आणि चढून येईल कशी? ओढून न्यायला परत चौघं लागतील."

समोवार मी पुसून दिला. पन्हळी दुपारी काढल्या. चहावाल्याने मला चहा दिला आणि माझ्याकडे पाहत राहिला, मी जरा सटकलेली असावी तसा.

२२ एप्रिल

झूराला भेटायला रेडिओच्या खोलीत गेले. पोस्टाच्या तळमजल्यावर आहे, दार रस्त्याच्या पातळीला. मी आत शिरले तेव्हा ती एका हरवलेल्या तांबूस वासराचं वर्णन वाचत होती. संपल्यावर माझ्याकडे वळली.

"पोती सोडणारी इंजिनिअर तूच ना?"

"हो. झूराबाई, मला तुमच्या खुर्चीची मापं हवी आहेत."

"बाई काय म्हणतेस? एजे म्हण, थोरल्या बहिणीला म्हणतात तसं. मी काय तुझी मुख्याध्यापिका आहे?"

मी मापं घेतली. रुंदी, मागच्या चाकांचा व्यास, पुढच्या छोट्या चाकांचा व्यास. पुढची चाकं फार लहान आहेत. दोन बोटांचा उंचवटा आला तरी ती अडतात, हे एजेंनी शब्दकोश जमिनीवर टाकून दाखवलं.

मी विचारलं की मेदेर त्यांना सहज उचलू शकतो, मग एका दिवसासाठी इतका आग्रह का. प्रश्न तांत्रिक नव्हता. का विचारला माहीत नाही.

"उचलतो ना. मधमाश्यांच्या पेट्यांकडे जाताना नदी ओलांडायची असते, तेव्हा मीच सांगते, उचल. मी सांगते. फरक कळतो तुला?"

"कळतो," मी म्हटलं. कळला होता की नाही, याची खात्री नाही.

"आणि घोड्यावरून उतरवतात त्याचा मान मला सांगू नका म्हणावं तुझ्या बाइकेंना; गावभर तेच सांगत सुटलेत. त्या म्हाताऱ्याच्या हातात लगाम असतो."

तारीख पुढे ढकलता येत नाही. जूनच्या मध्यावर मेदेरच्या मधमाश्यांच्या पेट्या डोंगरावरच्या कुरणात जातात. मग तो थंडी पडल्याशिवाय खाली येत नाही.

२४ एप्रिल

इमारत उतारावर आहे. मला हे आधीच दिसायला हवं होतं. पुढे जोतं उंच आहे, कारण मागे जमीन वर चढते. आज लेव्हलचं यंत्र मागच्या अंगणात लावलं. दालनाची फरशी आणि अंगण यांत जेमतेम विटेएवढा फरक; अंगणात तेवढी भर घातली की पातळी एक. वरच्या गल्लीतून सरळ आत येता येईल. दालनाची एक खिडकी तिकडेच उघडते. तिच्याखालची भिंत काढली की दार होईल.

भूकंपाचा प्रदेश आहे, त्यामुळे विटांच्या भिंतीत भोक पाडायचं तर भोवती लोखंडी चौकट हवी. गणित बसलं. मला बरं वाटलं, हे नोंदवते.

२८ एप्रिल

एजेंना जागा दाखवायला नेलं. वरच्या गल्लीतून त्या स्वतः आल्या. पण अंगणात कोळशाचा ढीग, कचऱ्याची पिंपं, मोडक्या खुर्च्या आणि पहारेकऱ्याचं कुत्रं.

त्यांनी खुर्ची कोळशाच्या ढिगापाशी नेली.

"कोळसा इथून आत जातो?"

"हो. पण दार वेगळं असेल."

"बाकीच्या नवऱ्या पुढच्या पायऱ्यांवर फोटो काढतील, आणि मी कोळशाबरोबर येणार?"

"उतार शून्य आहे, एजे. याहून चांगली जागा मिळणार नाही."

"तू हुशार आहेस, बुरुल," त्या म्हणाल्या. "पण तू मला एका उंचीवरून दुसऱ्या उंचीवर नेतेयस. मला गावात जायचंय."

आणि निघून गेल्या. त्यांचा आक्षेप तांत्रिक नाही. नकाशात काही चूक नाही.

१ मे

सुट्टी. नकाशात काही चूक नाही, हे मी पुन्हा तपासलं.

आईचा गुडघा सुजलाय. तिने चुलीची राख गुंडाळून शेकला. म्हणाली, थंडीमुळे. थंडी संपून महिना झाला.

५ मे

मला वाटतं माझी चूक अशी होती: मी झूरा एजेंसाठी दार शोधत होते. दार एका माणसासाठी असेल तर ते मागचंच दार राहणार, मग ते कुठल्याही बाजूला पाडा.

कोळसा हलवायचा. पिंपं हलवायची. अंगण फरसबंद करायचं, आणि सगळ्यांचं येणं-जाणं वरूनच ठेवायचं. निवृत्तिवेतनाची खिडकी, नोंदणी, पाणीपट्टी, सगळं. पाटी तिकडे लावायची. पुढच्या पायऱ्या ज्यांना हव्यात त्यांना असू देत.

एजेंना फोनवर सांगितलं. "सगळे?" त्यांनी विचारलं. "नगराध्यक्षसुद्धा?"

"त्यांची गाडी वरच्या गल्लीत लागू शकते. मोजलंय."

त्या हसल्या. त्यांना हसताना रेडिओवर कधी ऐकलेलं नाही.

७ मे

बाइके म्हणाले, "इमारत म्हणजे काय तंबू आहे का, दार हवं तिकडे फिरवायला? पन्नास वर्षं लोक पुढून येतायत."

"लोक वरच्या गल्लीतून येतात, बाइके. बाजार वर आहे. मग कोपऱ्यावरून खाली उतरून वळसा घालून पायऱ्यांपाशी येतात."

"तुला कोण म्हणालं?"

"सोमवारी बाजार आहे. या आणि बघा."

त्यांनी यायचं कबूल केलं. मला वाटतं, मी चुकीची ठरावी म्हणून.

१२ मे

सोमवार. बाइके आणि मी कोपऱ्यावर उभे होतो. लोक मी म्हटलं तसेच येत होते. मी वहीत खुणा करत होते. बाबागाडीवाली एक बाई पायऱ्यांखाली थांबली, गाडी पहारेकऱ्याकडे सोपवून बाळाला घेऊन वर गेली. एक लंगडणारा माणूस कठड्याला धरून गेला.

मग काठी टेकत एक वयस्कर गृहस्थ आले. बाइके म्हणाले, "अरे, आमचे मुराताली मास्तर!" मास्तरांनी बाइकेंना गणित शिकवलं होतं. मास्तर पायऱ्यांपाशी आले, टोपी काढून डोकं पुसलं, वर पाहिलं. मग खिशात हात घातला, काहीतरी चाचपलं, घरी विसरल्यासारखं दाखवलं, आणि परत वळले. आजूबाजूला त्यांच्याकडे कुणी पाहत नव्हतं.

बाइके धावत गेले. "मास्तर! चला ना, मी हात देतो. पोरांना बोलावतो."

"नको रे शार्शेन, सहज आलो होतो. बाजारात होतो, म्हटलं चक्कर मारावी."

"कागद आहे हातात तुमच्या."

"हा? हा जुना आहे." मास्तरांनी तो घडी करून कोटात ठेवला. "मुलं बरी आहेत ना तुझी?"

बाइके त्यांना गल्लीच्या टोकापर्यंत पोचवून आले. आल्यावर माझ्या खुणा पाहिल्या नाहीत. मी सांगितलं की दहापैकी नऊ जण वरून येतात. त्यांनी ऐकलं की नाही, कळलं नाही. थोड्या वेळाने विचारलं, "त्या लोखंडी चौकटीचं वजन किती?"

दुपारी मंजुरीवर सही केली. माझ्या आकडेवारीचा परिणाम झाला, हे समाधान आहे.

१६ मे

या तिमाहीत बांधकामाची तरतूद नाही. बाइके म्हणाले, श्रमदान लावू. मी म्हटलं, भिंत पाडणं श्रमदानाने करायचं काम नाही. ठरलं असं: चौकट आणि भिंत आमच्या माणसांनी, माझ्या देखरेखीखाली. अंगण, कोळसा, फरशी गावाने.

एजेंनी रेडिओवर घोषणा केली. हरवलेल्या घोडीनंतर आणि हवामानाच्या आधी. स्वतःचं नाव घेतलं नाही.

२३ मे

श्रमदान. वाटलं होतं त्यापेक्षा जास्त लोक आले. मेदेरचे सगळे चुलतभाऊ त्याच्याचसारखे थोराड. ज्या चौघांनी एजेंना उचललं होतं तेही आले, ड्रायव्हर कोळशाची घमेली वाहताना म्हणाला, "एजेला उचलणं सोपं होतं रे." मुराताली मास्तर खुर्चीवर बसून फरशीची रांग सरळ आहे का ते सांगत होते. सरळ नव्हती. त्यांचं बरोबर होतं.

आईने तळलेल्या पुऱ्यांचं गाठोडं पाठवलं. किती लांब आहे, वर चढ लागतो का, असं मला दोनदा विचारलं. मी सांगितलं की गाठोडं मीच नेणार आहे.

१ जून

चौकट बसली. भिंत उघडली. भेगा नाहीत. दालनात पहिल्यांदा डोंगराकडचा एवढा उजेड आला, आणि छताचा रंग किती वाईट आहे ते सगळ्यांना दिसलं.

लाकडी दार ओरोझ उस्ता करतायत. गावातले सगळ्यात जुने सुतार. नकाशावर मी लिहून दिलंय: दार दोन झडपांचं, आतली आणि बाहेरची फरशी एकाच पातळीत, मध्ये उंचवटा शून्य. त्यांनी मान डोलावली.

१२ जून

उस्तांनी दार बसवलं. सुंदर आहे. आर्चा या डोंगरी झाडाचं लाकूड, घरात ज्याची धुरी देतो तोच वास. आणि खाली त्यांनी उंबरठा घातलाय. चार बोटं उंच, घोटलेला, कडेला कोरीव मेंढ्याची शिंगं.

"उस्ता, हे काय?"

"उंबरठा."

"नकाशात शून्य लिहिलं होतं."

"बघितलं मी. म्हटलं पोर शहरात शिकली, राहिलं असेल लिहायचं."

"राहिलं नव्हतं. उंबरठा नकोच होता."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी घराला छप्परच नको म्हटलं होतं. "पोरी, बिनउंबरठ्याचं दार म्हणजे भिंतीला पडलेलं भगदाड. इथे लग्नं लागणार. बरकत आत थांबेल कशावर? आणि वाईट नजर बाहेर कशावर अडेल?"

"त्यावर झूरा एजे अडतील."

तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. चेहरा पडला. पण हटले नाहीत. "मेदेर आहे ना. चाक जरासं उचलेल. जरासंच."

जमलेल्या लोकांना उस्तांचंच बरोबर वाटत होतं. दार उंबरठ्याशिवाय कसं असेल? कुणीतरी म्हणालं, छोटी फळी टाकू, घसरगुंडीसारखी. कुणी म्हणालं, फक्त लग्नाच्या दिवशी काढू, मग परत लावू. मी करवत मागितली. उस्ता उंबरठ्यासमोर उभे राहिले. म्हातारे गृहस्थ आहेत, माझ्या हातात करवत होती, ते दृश्य बरं नव्हतं. मी करवत खाली ठेवली आणि एजेंना फोन केला. त्या वरच्या गल्लीतून आल्या, उंबरठ्यापर्यंत, आणि थांबल्या. पुढची चाकं लाकडाला टेकली होती.

मला अपेक्षा होती की त्या कोक-बोरूसारखं काहीतरी बोलतील. त्या वाकून कोरीवकामावरून हात फिरवत राहिल्या.

"सुरेख केलंय, उस्ता."

"तुझ्यासाठी केलं गं. लग्नाचं म्हणून."

"मलाही उंबरठा हवाय, बुरुल," एजे म्हणाल्या. आवाज रेडिओवरचा नव्हता. "आमच्या घरी आई मला तो ओलांडून नेताना दर वेळी दुआ पुटपुटायची. सगळ्या नवऱ्या उंबरठा ओलांडून आत जातात. मला भगदाडातून नाही जायचं."

म्हणजे त्यांना उंबरठाही हवा होता आणि कुणी उचलायलाही नको होतं. मला त्यांचा राग आला. मग वाटलं, सगळ्या जगाला दोन्ही मिळतं, आणि मी यांच्याकडून एकाची निवड मागतेय.

मी खाली बसून मोजलं. चौकटीच्या तळाचं लोखंड खोल आहे. वर फक्त खडी आणि फरशी.

"उस्ता, हाच उंबरठा खाली बसवला तर? फरशीत चर पाडायचा. वरची कड फरशीच्या बरोबरीला. तो असेल. फक्त उठलेला नसेल."

उस्तांनी खूप वेळ विचार केला. "लोक पाय देतील त्यावर. उंबरठ्यावर पाय देणं म्हणजे अपशकुन."

"लोक नाही देणार," एजे म्हणाल्या.

"आणि तुझी चाकं?"

"मी कुठे पाय देते, उस्ता?"

आधी मेदेर हसला. त्याचं हसणं मी पहिल्यांदाच ऐकलं, मोठं आहे. मग सगळे. उस्ता शेवटी हसले, आणि छिन्नी शोधू लागले.

"शिंगं दिसणार नाहीत आता," ते म्हणाले. कडेचं कोरीवकाम जमिनीत जाणार होतं.

"आहेत हे मला माहीत असेल," एजे म्हणाल्या.

१३ जून

चर सकाळी पाडला. उंबरठा बसवला. सांध्यात केसाएवढा फरक आहे. तो मला चालला नसता, पण उस्तांनी बोट फिरवून "हं" म्हटलं, आणि मी सोडून दिलं. हे माझ्या स्वभावात नाही.

मला भीती वाटतेय, हेही लिहिते. उंबरठा ओला झाला की फुगेल. लोक येणार नाहीत, सवयीने पुढूनच जातील. एजे पहिल्याच दिवशी एकट्या या दारातून येतील आणि बाकी वऱ्हाड पायऱ्यांनी, आणि मग मी त्यांच्यासाठी एक देखणं मागचं दार बांधलं, एवढाच अर्थ उरेल. याचं गणित मला मांडता येत नाही.

१४ जून

शनिवार. मी लवकर पोचले तर आई दालनात आधीच बसली होती, भिंतीकडच्या बाकावर, चांगला रुमाल बांधून.

"तू कशी आलीस?"

"वरच्या गल्लीने. लग्न बघायला." मग ती उठली आणि दालनातल्या एकेका बंद खिडकीपाशी जाऊन वरच्या पाट्या वाचू लागली. निवृत्तिवेतन. पाणी. दाखले. हळूहळू, नवं गाव पाहावं तशी. प्रत्येक ठिकाणी खिडकीच्या फळीला हात लावत होती. शनिवारी खिडक्या बंद असतात, हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "सोमवारी उघडतील ना?" तिचं सोमवारी काय काम आहे ते मी विचारलं नाही.

वऱ्हाड वरच्या गल्लीत जमलं. अकॉर्डियनवाला, मेदेरचे चुलतभाऊ, मुराताली मास्तर, पाव विकणाऱ्या बायका, उस्ता नव्या टोपीत. एजे पांढऱ्या कपड्यात. चाकं ढकलायचे हातमोजे त्यांनी काढून मेदेरकडे दिले आणि मोकळ्या हातांनी चाकं धरली.

बाइके सवयीने धावले. खुर्चीच्या मागे पोचले, दोन्ही हात पुढे झाले, आणि थांबले. मग त्यांनी हात पाठीशी बांधले आणि उभे राहिले, कुणी पकडून आणल्यासारखे.

"दार उघडायला हरकत नाही, बाइके," एजे म्हणाल्या. "ते सगळ्यांसाठीच उघडतात."

बाइकेंनी दोन्ही झडपा उघडल्या. त्यांचे डोळे भरले होते. कदाचित ताज्या वार्निशामुळे.

अकॉर्डियन थांबलं. अंगणात फक्त चाकांचा आवाज होता. एजे सावकाश आल्या, उंबरठ्यापाशी क्षणभर थांबल्या, ओठ हलले, काहीतरी पुटपुटल्या. मग चाकांना एक रेटा दिला. पुढची चाकं गेली, मागची गेली. लाकडावर आवाजसुद्धा झाला नाही. त्या आत होत्या. दालनाच्या मधोमध त्यांनी खुर्ची गर्रकन वळवली आणि दाराकडे, आमच्याकडे पाहिलं.

"काय उभे राहिलात? या ना आत!"

कुणीही पुढच्या पायऱ्यांकडे वळलं नाही. मेदेर आधी. त्या सपाट लाकडापाशी येऊन त्याने पाय उचलला, चांगला उंच, आणि पलीकडे ठेवला. त्याच्यामागे चुलतभाऊ, एकामागोमाग एक, तसेच. पाव विकणाऱ्या बायकांनी झगे सावरून पाय उचलले. बाबागाडीवाली बाई आली. गाडी सरळ नेली, स्वतः मात्र पाय उचलून आली. मास्तरांनी आधी काठी पलीकडे टेकली, मग एकेक पाऊल नेलं. बाइकेंनी तर उडीच मारली. जिथे काहीच नव्हतं तिथे सगळं गाव पाय उचलून आत येत होतं, आणि उस्ता दाराशी उभे राहून एकेकाचे पाय बघत होते. लाकडावर एकाचाही पाय पडला नाही.

मी शेवटी आत गेले. ती पातळी मीच मोजली होती; तिथे अडण्यासारखं काही नाही, हे माझ्याइतकं कुणाला माहीत असणार. उंबरठ्यापाशी आले, आणि मीही पाय उचलला.